लाल शेवाळाचे शहात्तर दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणी लोणची-पापडांवर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर. यंदा कार्यवाहबाईंनी मला उभे केले आणि "ठाण्याला जाऊन शेवाळ पाळून आलात ना, मग त्यावरच बोला" असे फर्मावले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत बोलण्याची सवय नाही. तेव्हा हातांनी जे केले आणि हातून जे चुकले, तेवढेच सांगणार आहे. टेबलावर जी बरणी ठेवली आहे तिच्याविषयी शेवटी बोलेन. तोपर्यंत मुलांना तिच्यापासून जरा दूर ठेवावे, ही विनंती.

आपल्या भागात शेवाळ म्हटले की बोडीच्या पायरीवरचे, पाय घसरविणारे हिरवे बुळबुळीत शेवाळ डोळ्यांपुढे येते. ते खरवडून काढावयाचे, पाळावयाचे नाही. त्यामुळे मी बरणी घेऊन आले तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलेच, "अवं, शेवाय कायले पोसतेस?" मी त्यांना म्हटले, "आजी, तुम्ही उपासाला चायना ग्रासची वडी खाता की नाही? ते गवत नव्हे, तेही शेवाळच!" आजींचा विश्वास बसला नाही. परंतु ते खरे आहे. चायना ग्रास म्हणजे समुद्रातल्या लाल शेवाळाचा उकळून, गाळून, वाळविलेला रस. आपल्या देशात तो मुख्यत्वे तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील शेवाळापासून निघतो, आणि ते शेवाळ पाण्यात शिरून गोळा करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात.

या चायना ग्रासची एक गोष्ट आपल्या मंडळात सांगण्याजोगी आहे. जर्मनीमध्ये रॉबर्ट कॉख हे रोगजंतूंचा शोध घेत असत. त्यांच्या प्रयोगशाळेत हेसे नावाचे डॉक्टर काम करीत. जंतू वाढविण्यासाठी ते जिलेटिनचा थर वापरीत, पण उन्हाळ्यात तो वितळून सारे काम वाया जाई. डॉक्टरांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी १८८१ च्या सुमारास सुचविले की, मी मुरंब्यात आणि गोड पदार्थांत जे घालते ते वापरून पाहा, ते उन्हाने वितळत नाही. त्यांना ही माहिती लहानपणी, जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजारणीकडून मिळाली होती. आजही जगभरच्या दवाखान्यांतून जंतू वाढवून पाहतात ते याच लाल शेवाळाच्या थरावर. स्वयंपाकघरातली युक्ती कोठवर गेली पाहा! कॉखसाहेबांनी मात्र आपल्या लेखात बाईंचे नाव घातले नाही. असो.

आता ठाण्याची हकीकत. माझ्या मुलीचे पहिले बाळंतपण खरे तर येथे नागभीडला व्हावयाचे. परंतु डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितले, तेव्हा मीच एस. टी. ने नागपूर आणि तेथून रेल्वेने ठाणे गाठले. जावईबापूंना समुद्राच्या माशांचा नाद. बैठकीच्या खोलीत साडेतीन फूट लांबीची, दोनशे लिटरची काचपेटी आहे. आत पांढरी वाळू, दगड, दोन कोळंब्या, थोड्या गोगलगायी आणि पाच मासे. त्यांतली केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी, मुले ज्याला निमो म्हणतात ती, मुलीने व जावयांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी आणली होती. प्रवाळ मात्र त्यांनी ठेवलेले नाही. आपल्या देशात जिवंत प्रवाळ समुद्रातून काढणे २००१ पासून वन्यजीव कायद्याने बंद आहे, आणि जावईबापू अशा बाबतीत फार कडक.

पेटीत समुद्राचे पाणी नसते बरे का! शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात दुकानातले समुद्री मीठ कालवितात. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम, म्हणजे त्या पेटीला साधारण सात किलो मीठ लागले. आपले स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात नुसता खारटपणा नसतो, चुना, मॅग्नेशियम असे कितीतरी असते. पाणी उडून गेले की मीठ मागे राहते आणि खारटपणा वाढतो, म्हणून रोज उडालेल्याइतके गोडे पाणी घालावयाचे. पहिल्या दिवशी मी सवयीने देवापुढचा तांब्या उचलला. जावईबापू धावतच आले. "आई, तांब्याच्या तांब्याने नको! कोळंब्या मरतील." तांबे या जीवांना विष असते, हे मला तेव्हा कळले. हीच गोष्ट पुढे औषध म्हणून कामी यावयाची होती.

पेटीच्या खाली कपाटात दुसरा कप्पा असतो. वरचे पाणी तेथे उतरते आणि पंपाने पुन्हा वर चढते. त्या कप्प्यात लाल शेवाळ वाढवितात. त्याचे कारण आपल्याला सहज पटेल. माशांनी खाल्ले की घाण होते, घाणीचे पाण्यात खत होते, आणि खत साचले की माशांना बाधते. शेवाळ ते खत खाऊन वाढते. वाढलेले शेवाळ कापून काढले की खत पेटीबाहेर गेले. जणू पेटीतली भाजीची वाफच. शिवाय काही मासे ते आवडीने खातात. जावयांनी आणलेल्या जातीला ग्रासिलेरिया म्हणतात. दोऱ्यासारख्या गोल, फाटे फुटलेल्या काड्या, रंग कोकमासारखा, हाताला कुरकुरीत. चायना ग्रास बनते ते याच्याच भावकीतून.

लाल का, असे मीही विचारले. पाण्यात खोल जावे तसा उन्हातला तांबडा प्रकाश आधी विरतो, निळा-हिरवा खोलवर पोहोचतो. तो धरण्यासाठी या शेवाळात लाल रंग असतो, म्हणून ते कमी उजेडातही जगते. उलट दिवा फार प्रखर झाला तर फिके पडते. रोज आठ-दहा तास बेताचा उजेड, पंचवीस अंशांच्या आसपास ऊब आणि सतत हलते पाणी एवढे मिळाले की झाले. पाणी हलले नाही तर काड्यांवर केर बसतो आणि त्या आतून कुजतात. आणि खत हवेच. फार स्वच्छ पाण्यात ते उपाशी राहून पिवळे पडते.

भगिनींनो, हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा, कारण माझी चूक तेथूनच सुरू झाली.

मुलीला दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी जावईबापूंनी एका दुकानातून या शेवाळाची नवी जुडी आणली. घाई होती, तरी त्यांनी ती पेटीत टाकली नाही. पांढऱ्या परातीत मिठाचे पाणी घेतले आणि आपण तांदूळ निवडतो तशी एकेक काडी निवडली. त्यांतून काय निघाले म्हणता? एक करंगळीच्या नखाएवढा खेकडा, दोन किडे, हिरव्या मण्यांसारखे दुसरे एक शेवाळ (ते पेटीत शिरले की निघता निघत नाही), आणि काडीच्या बुडाशी चिकटलेले पारदर्शक फुलासारखे काही. त्या फुलाला मी हात लावणार तोच त्यांनी अडविले. ते फूल नव्हे, डंख मारणारा प्राणी. कापून काढावा तर राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा उगवतो. ती काडीच फेकली. मग जुडी तीन वेळा मिठाच्या पाण्यात खंगाळली. नळाखाली धरावयाची नाही. जास्त वेळ गोड्या पाण्यात राहिली तर मरते. त्यानंतर ती वेगळ्या बरणीत ठेवली. तिचा हवेचा पंप वेगळा, दिवा वेगळा, जाळी वेगळी, फडकेसुद्धा वेगळे. आधी मोठ्या पेटीचे काम करावयाचे, मग बरणीचे, आणि हात धुतल्याशिवाय पुन्हा पेटीकडे जावयाचे नाही. दर आठवड्याला बरणीचा तळ नळीने ओढून पाणी बदलावयाचे, आणि जुडी नव्या भांड्यात ठेवावयाची.

"किती दिवस?" मी विचारले. "शहात्तर," ते म्हणाले. मला हसू आले. २०२० साली गावाबाहेरून आलेल्या माणसांनासुद्धा चौदाच दिवस वेगळे ठेवले होते!

नात झाली. घरात गडबड उडाली. जावईबापू दवाखाना, कचेरी आणि घर यांत पार दमून गेले, आणि बरणीचे काम माझ्याकडे आले. आठवडा झाला तशी जुडी पिवळट दिसू लागली. मला तिची दया आली. बाराव्या दिवशी बारसे झाले. बाळ-बाळंतीण बाराव्या दिवशी खोलीबाहेर येतात, मग या बिचाऱ्या शेवाळाने काय पाप केले, असा मी विचार केला. पाहुणे गेल्यावर अर्धी जुडी काढून खालच्या कप्प्यात, दगडामागे सोडली. अर्धी बरणीतच ठेवली. कोणाला सांगितले नाही. चार दिवसांत कप्प्यातले शेवाळ कसे तजेलदार झाले! मला माझेच कौतुक वाटले.

आठ-नऊ दिवसांनी एका माशाच्या अंगावर रव्याचे कण लागावेत तसे पांढरे ठिपके दिसले. मासे दगडाला अंग घासू लागले. जावयांनी मला विचारले, "आई, पेटीत नवीन काही गेले का?" मी म्हटले, "नाही बाई."

आज या सभेत हे सांगताना संकोच होतो, पण तेच सांगण्यासाठी उभी आहे. त्या क्षणी मला खरेच वाटले की शेवाळाचा आणि ठिपक्यांचा काय संबंध! पण मनाच्या तळाशी शंका होतीच. जावयापुढे चूक कशी कबूल करावी, हीही लाज होती. त्यांनी बिचाऱ्यांनी पाणी तपासले, उष्णता तपासली, खाणे बदलले. चार दिवसांनी ठिपके आपोआप गेले आणि मी मनात देवाला हात जोडले.

पण तो रोग तसाच असतो. ठिपका म्हणजे अंगात रुतलेला एक सूक्ष्म जीव. तो तीन ते सात दिवस माशावर राहतो, मग गळून खाली पडतो आणि दगडाला, वाळूला, शेवाळाच्या काडीला चिकटून भोवती कवच करतो. कवचाच्या आत एकाचे शेकडो होतात. बहुधा महिन्याच्या आत ते फुटते, पण बहात्तर दिवसांनी फुटल्याचेही पाहिले गेले आहे. बाहेर पडलेल्या पिलांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. म्हणजे ठिपके जातात तेव्हा रोग जात नाही, वाढावयाला गेलेला असतो. आणि शहात्तर दिवसांचा हिशेब तो हाच. शेवाळाला स्वतःला हा रोग होत नाही. दुकानात ते आजारी माशांच्या पाण्यात राहिले असेल तर कवच तेवढे अंगावर घेऊन येते. परातीत कितीही निवडा, डोळ्यांना ते दिसत नाही.

आठवड्याभराने ठिपके आले ते एकदम सगळ्यांना. दोन दिवसांत दोन मासे गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे जोडीतली मोठी, म्हणजे मादी, तळाशी आडवी पडलेली दिसली. मुलगी मांडीवर बाळ घेऊन पेटीसमोर बसली आणि रडली. ओल्या बाळंतिणीने मुक्या जिवासाठी रडावे, आणि त्याचे कारण मी! त्या रात्री मी जावयांना सारे सांगितले.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी भिंतीवरचे कालनिर्णय काढले आणि विचारले, "आई, कितवा दिवस होता?" मी म्हटले, "बारशाचा." त्यांनी त्या तारखेवर खूण केली. नंतर इतकेच म्हणाले, "मी विचारले त्याच दिवशी कळले असते तर पाचही वाचण्याजोगे होते." तेवढे एक वाक्य मी अजून उशाशी घेऊन झोपते.

उरलेले दोन मासे, जोडीतला लहान नर आणि एक निळा, वेगळ्या साध्या टाकीत ठेवले आणि महिनाभर त्यांना तांब्याचे औषध दिले. हे औषध मोठ्या पेटीत घालता येत नाही. त्याने कोळंब्या, गोगलगायी आणि शेवाळ सारे मरते. म्हणून मोठी पेटी माशांवाचून शहात्तर दिवस तशीच चालवावयाची, म्हणजे त्या जीवांची पिले उपाशी मरतील. मी एका महिन्यासाठी गेले होते, ती दिवाळीपर्यंत राहिले. रोज सकाळी नातीला तेल लावून झाले की तारखेवर रेघ मारीत असे. रिकाम्या पेटीत कोळंब्यांसाठी चिमूटभर खाणे टाकावे लागे, नाहीतर शेवाळही उपाशी राहते. ते मी विसरले नाही.

त्या काळात जावईबापू रात्री मला वाचून दाखवीत. त्यांतली एक बाई माझ्या मनात घर करून राहिली. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला कॅथलीन ड्र्यू या शेवाळाच्या अभ्यासक होत्या. १९२८ साली लग्न केले आणि विद्यापीठातली नोकरी गेली, कारण तेथे विवाहित स्त्रीला नोकरी देत नसत. बाई बिनपगारी काम करीत राहिल्या. पतीने त्यांना भरती-ओहोटी होणारी एक साधी टाकी बनवून दिली. जपानी लोक भाताला गुंडाळून खातात ते लाल शेवाळ उन्हाळ्यात कोठे नाहीसे होते, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. ते आपण होऊन आले तर पीक, नाहीतर उपासमार. बाईंनी टाकीत शिंपले ठेवून दाखविले की ते शिंपल्याच्या आत शिरून बारीक गुलाबी धाग्यांच्या रूपाने दडलेले असते. त्या धाग्यांना लोक तोवर निराळीच जात समजत होते! १९४९ साली हा शोध छापून आला आणि त्यावरून जपानमध्ये शेवाळाचे बी घरी धरता येऊ लागले. बाई १९५७ साली वारल्या. जपान त्यांनी कधी पाहिला नाही. पण १९६३ साली तेथील कोळी-शेतकऱ्यांनी उटो गावी समुद्राकाठी त्यांचे स्मारक उभारले, आणि दरवर्षी १४ एप्रिलला तेथे त्यांच्या स्मरणार्थ जमतात.

माझ्या हातून एका पेटीत जे झाले, ते मोठ्या समुद्रातही झाले आहे. आपल्याच देशात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९८४ साली कप्पाफायकस नावाचे परदेशी लाल शेवाळ आणले. ते आधी ओखा येथे वाढवून पाहिले आणि बऱ्याच वर्षांनी, १९९५ च्या सुमारास, तामिळनाडूत मंडपमला नेले. पुढे तेथे तराफ्यांवर त्याची शेती सुरू झाली आणि किनाऱ्यावरच्या शेकडो स्त्रियांच्या हाती चार पैसे आले. हे चांगलेच झाले. परंतु त्याच शेवाळाचे तुकडे वाहून जाऊन कुरुसडै बेटाजवळच्या जिवंत प्रवाळावर पसरले, असे २००८ साली संशोधकांनी छापले. त्यावर आजही दोन मते आहेत, आणि मला दोन्ही बाजूंचे पटते. पोट आहे तसा समुद्रही आहे. भूमध्य समुद्रात तर मोनाकोच्या मत्स्यालयातले शोभेचे हिरवे शेवाळ निसटले. १९८४ साली ते एक चौरस मीटर होते आणि नंतर किनाऱ्यामागून किनारे व्यापीत गेले. आपल्या तलावांतली जलकुंभी तरी काय, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांच्या शोभेसाठीच कोणीतरी बंगालमध्ये आणली. आता ढिवर बांधवांची जाळी तिच्यात अडकतात. म्हणून माझ्या बरणीचे काढलेले पाणी मी चुलीवर उकळून मगच मोरीत टाकते. समुद्राचे शेवाळ घोडाझरीच्या गोड्या पाण्यात जगणार नाही, हे मला कळते. तरीही उकळते. जळण जाते म्हणून घरचे बोलतात, बोलू देत.

शहात्तरावा दिवस भाऊबीजेच्या दोन दिवस आधी भरला. नर आणि निळा मासा मोठ्या पेटीत परत गेले. जोडीसाठी एक लहान पिलू आणून आधी वेगळे ठेवले आहे. या माशांत एक नवल आहे. मादी गेली की उरलेला नर काही काळाने स्वतःच मादी होतो आणि धाकटा त्याचा नर. मुलीने हे सांगितले तेव्हा आम्ही दोघी किती दिवसांनी पोटभर हसलो!

मी निघाले तेव्हा जावईबापूंनी दुसऱ्या एका जातीच्या लाल शेवाळाची नवी जुडी आणली होती. ती त्यांनी माझ्यासमोर परातीत निवडली, बाटलीत घातली आणि माझ्या हाती दिली. म्हणाले, "आई, तुमच्या घरी मासा नाही, दुसरी पेटी नाही, समुद्र शेकडो किलोमीटरवर. याला वेगळे ठेवायला नागभीडहून चांगली जागा नाही. सांभाळाल ना?" मला बोलताच आले नाही. बाटली पदराखाली धरून मी गाडीत बसले.

तीच ही समोरची लोणच्याची बरणी. माशांची घाण नसल्यामुळे जावयांनी दिलेल्या खताचे थेंब आठवड्यातून दोनदा घालते, म्हणजे पिवळी पडून माझी पुन्हा परीक्षा घ्यावयाची नाही. या थंडीत रात्री बरणीला गोधडी गुंडाळते. वीज गेली की पंप बंद पडतो, मग स्टीलच्या पेल्याने पाणी उचलून उंचावरून पुन्हा सोडीत बसते. ही युक्ती माझी नव्हे. १८४६ साली लंडनमध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी समुद्राचे जीव घरात ठेवले होते, तेव्हा त्यांची मोलकरीण रोज पाऊण-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून असेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतीत असे. बाईंचे नाव पुस्तकात आहे, मोलकरणीचे मला कोठे सापडले नाही.

उन्हाळ्यात काय करावयाचे ते अजून ठरलेले नाही. आपल्याकडचा मे महिना याला सोसणार नाही. पण त्याच्या आधीच मुलगी, जावई आणि नात येणार आहेत व जुडी घेऊन जाणार आहेत.

भाषण संपल्यावर सर्वांनी जवळ येऊन बरणी जरूर पाहावी. खाली वहीही ठेवली आहे, तीत रोजची नोंद आहे. झाकणाला मात्र कोणी हात लावू नये. आज एकाहत्तरावा दिवस आहे.